मूल ताल धरतं तेव्हा

१९९३ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात जेमतेम पानभराचा एक निबंध छापून आला. कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस रॉशर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली एक रचना दहा मिनिटं ऐकवली आणि लागलीच काही कोडी सोडवायला दिली. घडी घालून कापलेला कागद उलगडला तर कसा दिसेल, अशा धर्तीची ती कोडी होती. गुण वाढले, पण ती वाढ दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. प्रयोगात लहान मूल एकही नव्हतं. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीत पोचवण्यासाठी सरकारी तिजोरीतून १ लाख ५ हजार डॉलर मागितले. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. पण तोवर ‘संगीताने बुद्धी वाढते’ हे वाक्य बाजारात पोचलं होतं आणि बाजारातून वाक्य परत घेता येत नाही. आपल्याकडच्या गर्भसंस्काराच्या सीडी, तान्ह्या बाळांसाठीचे यूट्यूब चॅनेल आणि ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ची पाटी लावलेले छंदवर्ग आजही याच आशेवर चालतात.

मला या लेखात जे म्हणायचं आहे त्याच्या आड हीच आशा येते, म्हणून आधी तिचा हिशोब करून टाकू. ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर केलेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास संगीताच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. काही मुलं वर्षभर कीबोर्ड शिकली, काही गाणं, काही नाट्य आणि काही काहीच नाही. पहिलीचं वर्ष असल्याने बुद्ध्यंक सगळ्यांचेच वाढले. संगीतवाल्यांचे सरासरी सात, बाकीच्यांचे चारच्या थोडे वर. फरक तीन गुणांचासुद्धा नाही. (त्याच अभ्यासात नाट्यवर्गातल्या मुलांची इतरांशी वागण्याची रीत सुधारल्याचं आढळलं होतं, पण त्याची जाहिरात कुणी केली नाही.) २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये सॅम्युएल मेर, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांना पालकांसह सहा आठवडे संगीताच्या वर्गाला बसवलं, तेव्हा भाषा, संख्या, आकार यांच्या चाचण्यांत खात्रीने बोट ठेवावं असा फायदा दिसला नाही. २०२० मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यास आणि जवळपास सात हजार मुलांची आकडेवारी एकत्र मांडली. अभ्यासाची शिस्त जितकी कडक, तितका परिणाम शून्याच्या जवळ, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर आक्षेप आले, फेरमांडण्या झाल्या, वाद मिटलेला नाही. पण संगीताने गणित सुधारेल या भरवशावर कुणी मुलाला तबल्याच्या क्लासला घालत असेल, तर त्याने ते पैसे गणिताच्या पुस्तकांवर खर्च करावेत, इतकं आज बिनधास्त सांगता येतं.

या निकालाने पुष्कळ संगीतप्रेमी हिरमुसतात. मला त्यात हिरमुसण्यासारखं काही दिसत नाही, कारण प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. लहान मुलांचं गाणं हे दुसऱ्या कुठल्या तरी विषयाची शिकवणी आहे असं धरून सगळी मोजमापं झाली. गाण्याच्या खेळात मूल जे शिकतं ते त्या खेळातच असतं: दुसऱ्याच्या वेळेशी आपली वेळ जुळवणं. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, आपली पाळी कधी, समोरचा आता काय करणार आहे, आणि त्याने हूल दिली तर काय करायचं. बोलणं, खेळणं, भांडण मिटवणं, वर्गात बसणं या सगळ्यांखाली हीच क्षमता असते. ती बुद्ध्यंकाच्या चाचणीत उमटत नाही, कारण ती चाचणी मूल एकट्याने सोडवतं.

तळहातावर मोर बोलावण्याचा खेळ घ्या. महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांच्या तळहातावर तो कधी ना कधी उतरलेला असतो. आठ-नऊ महिन्यांचं मूल मांडीवर, त्याच्या एका हाताचं बोट धरून दुसऱ्या तळहातावर टेकवायचं, मोराला बसायला बोलवायचं, चारा घालायचा, पाणी पाजायचं आणि शेवटी दोन्ही हात वर उडवून त्याला पळवून लावायचं. सगळा मामला वीस सेकंदांचा. पण तो खेळवणारी आजी काय करते ते नीट बघा. पहिल्या दोन-तीन वेळा ती सगळं सारख्या लयीत म्हणते. मूल सरावलं की शेवटच्या उड्डाणाआधी ती थांबते. भुवया वर, ओठ गोल, आवाज बंद. मुलाचे डोळे तिच्या तोंडावर खिळलेले, अंगात हालचाल नाही. मग उड्डाण, आणि हसू. आणखी काही दिवसांनी मूल त्या थांब्यातच स्वतःचे हात वर करायला लागतं. म्हणजे पुढे काय येणार हे त्याने ओळखलं, ते यायच्या आधीच आपला वाटा उचलला, आणि आजीनेही मग हात उडवायचं काम त्याच्याकडे सोपवलं. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. थांबा किती लांबवायचा हे ती मुलाच्या चेहऱ्यावरून ठरवते आणि दर वेळी वेगळं ठरवते.

मुलाची बाजूही कोरी नसते. नवजात बाळांना झोपेत ढोलाचा ठेका ऐकवून त्यातला मुख्य ठोका मधेच गाळला, तर त्यांच्या मेंदूत ‘काहीतरी चुकलं’ असा पडसाद उमटतो, हे २००९ मध्ये हंगेरीतल्या बाळांवर झालेल्या अभ्यासात दिसलं. ठोक्याची अपेक्षा जन्मतःच असते. ठोक्याबरोबर हलणं मात्र खूप नंतर येतं. पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची मुलं संगीत लागलं की हातपाय हलवतात, पण बहुतेक वेळा लयीच्या बाहेर. मार्सेल झेंटनर आणि तुओमास एरोला यांना २०१० मध्ये एक गोष्ट आढळली: ज्यांची हालचाल संगीताच्या वेगाशी जास्त जुळे, ती मुलं हसतही जास्त. जुळण्यातच काही सुख असतं, असा याचा अर्थ लावायला हरकत नाही. मग प्रश्न उरतो, मूल जुळवायला शिकतं कुणाबरोबर? लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल दिले. ठेका कधी समोरचा माणूस वाजवी, कधी ढोल बडवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकर. ठोके तेच, वेगही तोच. माणूस समोर असला की मुलांचा ताल स्पष्टपणे जास्त जुळला, आणि अडीच वर्षांची पोरंही आपला नेहमीचा वेग सोडून त्या माणसाच्या वेगाला आली.

त्याच दोघांचा २०१० मधला दुसरा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. चार वर्षांची ९६ मुलं, दोघादोघांच्या जोड्या. जमिनीवर निळ्या चादरीचं तळं, त्यावर लाकडी बेडूक. बेडूक झोपलेत, त्यांना उठवायचंय. अर्ध्या जोड्यांनी मोठ्या माणसाबरोबर गाणं म्हणत, नाचत, बेडकाच्या पाठीवर काठी घासून ताल धरत त्यांना उठवलं. उरलेल्यांनी तेच काम केलं, तितक्याच वेळ, तितक्याच उत्साहाने, फक्त गाणं आणि ताल वजा. नंतर दुसरा खेळ सुरू झाला आणि त्यात मुद्दाम केलेल्या बिघाडाने एका मुलाच्या हातातल्या गोट्या घरंगळल्या. गाऊन-नाचून आलेल्या जोड्यांत दुसरं मूल मदतीला धावण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. कॅनडात लॉरा सिरेली आणि लॉरेल ट्रेनर यांनी हेच १४ महिन्यांच्या बाळांमध्ये पाहिलं. बाळाला कुणीतरी पोटाशी बांधून गाण्यावर झुलवायचं, समोर एक अनोळखी बाई त्याच ठेक्यावर झुलायची किंवा मुद्दाम ठेका चुकवून. थोड्या वेळाने तिच्या हातातून कपडे वाळत घालायचे चिमटे ‘चुकून’ पडायचे. जिने ताल जुळवला होता तिचे चिमटे उचलून द्यायला बाळं जास्त वेळा गेली. चालायला नुकतंच शिकलेलं मूल पडलेला चिमटा उचलून परक्या बाईला नेऊन देतं, तेही काही मिनिटं सोबत झुलल्यामुळे.

इथे चिकित्सक वाचक दोन शंका काढेल आणि त्या रास्त आहेत. एक, हे सगळं प्रयोगशाळेतलं, थोड्या मुलांवरचं आणि पाश्चात्त्य घरांतलं आहे. तासाभराच्या मदतीवरून स्वभाव घडला असं म्हणता येत नाही. खरंच येत नाही. शाळेतल्या एका तासात मुलं एकमेकांशी बरी वागली तर तो तास सत्कारणी लागला, एवढाच माझा दावा आहे. त्याहून मोठं चित्र ऑस्ट्रेलियात मिळतं. तिथे ३,०३१ मुलांच्या पाहणीत दोन-तीन वर्षांच्या वयात घरी मिळून गाणं-वाजवणं होत असलेली मुलं चार-पाच वर्षांची झाल्यावर शब्दसंपत्ती, लक्ष देणं आणि मिळून-मिसळून वागणं यांत थोडी पुढे दिसली. पण तो नुसता सहसंबंध आहे; गाणाऱ्या घरात इतरही बरंच काही चांगलं होत असणार. दुसरी शंका अधिक टोकदार आहे: हा प्रताप संगीताचा की नुसत्या एकत्र हलण्याचा? सिरेली यांनी पुढे गाण्याऐवजी निसर्गाचे आवाज लावून पाहिलं, तर जुळवून झुलल्याचा परिणाम तेव्हाही दिसला. मात्र बाळं कुरकुरायला लागली. मला वाटतं, संगीताचं काम नेमकं इथे कळतं. मुलांना एका लयीत बांधून ठेवायचे दुसरे मार्ग असतील, कवायतही आहेच. पण मूल त्यात राजीखुशीने टिकतं ते गाण्यामुळे. माँट्रियलमधल्या एका प्रयोगात सात ते दहा महिन्यांची बाळं बोलणं ऐकत सुमारे चार मिनिटं शांत राहिली आणि गाणं ऐकत सुमारे नऊ मिनिटं. गाणं त्यांना अनोळखी अशा तुर्की भाषेतलं होतं.

पाश्चात्त्य मुलांबाबतचा आक्षेप एका अभ्यासाने तर उलटाच आपल्या उपयोगाला येतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन प्रदेशातली, सातासारख्या विषम मात्रांची धून ऐकवली आणि मधेच तिचा ताल मोडला. बाळांना ते कळलं. प्रौढांना कळलं नाही. वर्षाची झालेली बाळंही प्रौढांसारखी बहिरी झाली होती, पण घरी दोन आठवडे तशा धुनी ऐकवल्यावर त्यांचे कान पुन्हा उघडले. प्रौढांचे उघडले नाहीत. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ज्या संगीतात रोजच्या आहेत, तिथल्या घरांनी यातून जे घ्यायचं ते उघड आहे. आजच्या नर्सरी ऱ्हाइम्सच्या व्हिडिओंत चार ठोक्यांचा एकच एक डबा सतत वाजतो. पहिल्या वर्षात कानाचं दार उघडं असताना आपण त्यातून किती कमी आत जाऊ देतो!

व्हिडिओंचा विषय निघालाच आहे, तर तो इथेच संपवू. ‘मोबाइलवर गाणं लावलं की आमचा नाचतो’ हे खरं आहे, आणि कामाच्या घाईत कुणी ते लावलं तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन पाळ्यांत कामावर जाणाऱ्या आईबापांना आजी-आजोबांच्या काळातले खेळ सुनावणं हा एक खास मध्यमवर्गीय छंद आहे. प्रश्न शिकण्याचा आहे. २०१६ मध्ये मेर आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक नवीन धून तीन प्रकारे ओळखीची करून दिली: आई किंवा वडिलांनी गाऊन, खेळण्यातून वाजवून, आणि एका परक्या माणसाने व्हिडिओ कॉलवर गाऊन. मग दोन अनोळखी माणसं समोर आली. एक ती धून गाई, दुसरी वेगळी. आईबापांकडून धून मिळालेली बाळं आपली धून गाणाऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली. उरलेल्या दोन गटांना तसा काही ओढा वाटला नाही, जरी धून त्यांच्याही लक्षात होती. भाषेतही हेच घडतं. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या अभ्यासात अमेरिकी बाळांनी समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी आत्मसात केले, त्याच माणसांच्या डीव्हीडीवरून मुळीच नाही. २००९ मध्ये डिस्ने कंपनीने आपल्या ‘बेबी आइनस्टाइन’ डीव्हीडींचे पैसे परत देऊ केले, तेव्हा ही मालिका जगभर खपून झाली होती. व्हिडिओचा दोष त्याच्या सुरात नाही. आजी थांबते तसा तो मुलासाठी थांबत नाही, आणि मुलाने हात आधी उचलले तरी त्याला पत्ता लागत नाही.

यावर शाळेतून येणारा आक्षेप निराळा असतो: आम्ही सगळं गाण्यातूनच शिकवतो. महिने गाण्यात, रंग गाण्यात, फळं गाण्यात. गाण्याचा हा वापर सर्वांत जास्त होतो आणि सर्वांत कमी फळतो, असं माझं मत आहे. चाल क्रम पक्का करते, अर्थ नाही. बाराखडी तालात घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे नुसती ‘कू’ ठेवली, तर ते ‘क’पासून गात तिथपर्यंत येतं. पाढ्यांचं तेच, सात आठे विचारलं की मनातल्या मनात सात एकेपासून गाडी सुटते. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या पिढीचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत की, तो हिशोब रोजच्या बाजारात वापरला जायचा म्हणून टिकला. गाण्याला माहितीचं गाठोडं वाहायला लावलं की गाणंही दमतं आणि माहितीही. उलट, आवाजांशीच खेळलं तर भाषेला खरा लाभ होतो. जर्मनीत फ्रान्झिस्का डेगे आणि गुड्रून श्वार्झर यांनी २०११ मध्ये पाच-सहा वर्षांच्या ४१ मुलांचे तीन गट केले. २० आठवडे, रोज दहा मिनिटं एक गट गाणं, ढोल आणि नाच करी, दुसरा शब्दातले ध्वनी ओळखण्याचा थेट सराव, तिसरा व्यायाम. ध्वनींची जाण पहिल्या दोन्ही गटांत सारखीच वाढली, व्यायामवाल्यांत नाही. वाचनाची पूर्वतयारी हीच असते. आणि मराठी लिपी अक्षराअक्षराने चालते, आपली बडबडगीतंही टाळीला अक्षर मोजतच चालतात. पहिलीच्या बाईंना वेगळं साहित्य आणायची गरज नाही. आपल्या नावाला टाळ्या किती, शेजारणीच्या नावाला किती, दोघींच्या नावांचा मिळून ताल कसा होतो, एवढा खेळ पुरे.

गाणं असूनही गाण्याचा खेळ नसण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे स्नेहसंमेलन. महिनाभर तालीम, भाड्याचे कपडे, स्पीकरवर सिनेमातलं गाणं, आणि मुलांची नजर विंगेत उभ्या बाईंकडे. कुणी कुणाशी जुळवून घेत नाही. सगळी बाईंच्या इशाऱ्याशी जुळवतात. त्याच मुलांना भोंडल्याच्या फेरात सोडा. मधे पाटावर हत्ती, भोवती पाच वर्षांच्या चिमुरडीपासून कॉलेजातल्या ताईपर्यंत सगळ्या हातात हात घालून. लहानगीला गाणं येत नसतं; ती ओळीचा शेवट तेवढा उचलते, आणि पावलं चुकली तर दोन्हीकडचे हात तिला ओढून जागेवर आणतात. पुष्कळ गाणी दर फेऱ्याला एक गोष्ट वाढवत जातात, त्यामुळे मागचं लक्षात ठेवून पुढचं जोडावं लागतं. शेवटी खिरापत ओळखायची. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकाच खेळात आपापल्या कुवतीने सामावून घेणारी इतकी चोख योजना शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. हो, त्या गाण्यांत सासुरवास ठासून भरलेला आहे आणि खेळ मुलींपुरताच ठेवला गेला. आज पाच वर्षांच्या मुलीला द्वाड सासूची गाणी शिकवावीत असं मी म्हणणार नाही. शब्द बदलावेत, ते पूर्वीही गावागणिक बदलत आले. आणि मुलग्यांना फेरात घ्यावं, कारण वाट पाहायला आणि पावलं जुळवायला शिकण्याची गरज त्यांना काही कमी नाही.

हे सगळं परवडणार कुणाला, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातच पूर्वी देऊन झालं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर नेणं शक्य नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं यांवर आणि गाणी-गोष्टींवर त्यांनी बालवाडी उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं, यातून अंगणवाडीची कल्पना आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभरणीचा टप्पा मानला आणि २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने त्यात खेळाला मध्यभागी ठेवलं. कागदावर आता तक्रारीला जागा नाही. पण अंगणवाडी सेविकेच्या दिवसाकडे बघा. आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी आणि ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवरच्या नोंदी. मुलांचं कुपोषण मोजायलाच हवं, त्यात काटकसर नको. फक्त त्या अ‍ॅपमध्ये रकाना नसलेली गोष्ट आधी गळते, आणि मुलांबरोबर फेर धरून अर्धा तास गाण्याला रकाना नाही. सेविकेला त्यासाठी वाद्य नको, प्रशिक्षणाचा आणखी एक व्हिडिओ तर नकोच. तिचा अर्धा तास कामाच्या वेळेत मोकळा करून हवा.

घरच्यांसाठी तर याहून सोपं आहे. ‘माझा आवाज चांगला नाही’ ही सबब चालणार नाही; वर सांगितलेल्या एकाही प्रयोगात गाणाऱ्या आईबापांच्या गळ्याची परीक्षा कुणी घेतलेली नाही. यंदा दिवाळीच्या खरेदीच्या यादीत बटण दाबलं की गाणारं खेळणं असेल, तर ते खोडून टाका. त्या पैशांत एक खंजिरी येते. ती मुलाच्या हातात द्या, त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि पहिला ठेका त्याला धरू द्या.